डबी निघाली, डबी पोचली

माझी वहिनी लोकांचे दात बनवते. म्हणजे कवळ्या. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि ही मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात लावते. आमच्या घरात कपाटावर, खिडकीत, फ्रीजवर, जिथे बघाल तिथे प्लास्टरचे जबडे हसत असतात. नवा माणूस पहिल्यांदा दचकतो, मग त्याला सवय होते. मला इतकी वर्षं होऊनही झालेली नाही, ती गोष्ट वेगळी.

दात हे तिचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र गच्चीवर अडकलेला. पण ते सांगायच्या आधी मी टेपचं सांगते, कारण त्या टेपचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

तळमजल्यावर माझं लाँड्रीचं दुकान आहे. लोकांचे पडदे धुवायला येतात, त्यांची मापं घ्यायला मी एक चांगली पोलादी टेप आणली होती. पिवळी, सोडली की खटकन आत जाणारी. एक दिवस बघते तर टेप गायब. सगळं दुकान पालथं घातलं, गिऱ्हाइकांवर संशय घेऊन झाला, शेवटी वर गेले. तर वहिनी जमिनीवर मांडी घालून बसलेली, हातात पत्रा कापायची कात्री आणि समोर माझ्या टेपचे तुकडे ओळीने मांडलेले. नळाच्या प्लास्टिक पाइपाला ती ते आडवे बांधत होती.

"वहिनी! माझी टेप!"

"तुझी होती होय?" मान वरसुद्धा केली नाही. "छान आहे हो. वाकवली तरी परत सरळ होते. अँटेनाला अशीच लागते."

"बाजारात मिळत नाही का अँटेना?"

"मिळते की. पण त्यात मजा नाही."

घ्या! हिला मजा हवी आणि टेप माझी! मी दोन दिवस अबोला धरला. तिला पत्ताच नाही, कारण ते दोन दिवस ती कानाला हेडफोन लावून गच्चीवर होती.

तर माझी वहिनी हॅम आहे. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात रेडिओचा सेट मांडायचा आणि जगाच्या पाठीवरच्या अनोळखी माणसाशी हवेतून बोलायचं, असा हा नाद. यातले काहीजण आणखी पुढे जातात आणि माणसं सोडून उपग्रहांच्या मागे लागतात. आमचं ध्यान त्यातलं.

उपग्रह म्हटलं की मला वाटायचं, काहीतरी अगडबंब असणार. वहिनीचा उपग्रह ओंजळीत मावेल एवढा. कुठल्यातरी कॉलेजातल्या पोरांनी बनवलेला, चौकोनी. एका मोठ्या उपग्रहाला वर न्यायचं होतं, त्याच्या शेजारी कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथे बसून हा वर गेला. खरं नाव त्याचं लांबलचक होतं, पण ही मंडळी त्याला डबी म्हणायची. पोरं शिकली, नोकरीला लागली, संसाराला लागली आणि आपली डबी विसरली. डबी फिरतच राहिली. तिच्या पोटातला रेडिओ मोर्सच्या टिंबा-रेघांत तेच ते सांगायचा. माझं नाव अमुक, बॅटरी इतकी, अंग इतकं गरम. की पुन्हा माझं नाव अमुक.

"आणि हे ऐकायला तू भर उन्हात उभी राहतेस?" मी विचारलं होतं.

"हो."

"रोज तेच तर सांगते. त्यात नवीन काय असतं?"

"ती अजून आहे, हे नवीन असतं," वहिनी म्हणाली.

एकदा मी चादरी वाळत घालत होते, तर तिने मला काही कळायच्या आत हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. मी ओरडणारच होते. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या आतून, कुठूनतरी खोलातून, एक बारीक शीळ. तुटक तुटक. पिप, पीऽप, पिप. वहिनी अँटेना हळूहळू फिरवत होती, आमच्या पाण्याच्या टाकीवरून समोरच्या शाळेच्या छपराकडे, आणि दुसऱ्या हाताने सेटचं बटण अगदी एकेक केसभर मागे आणत होती. येताना तिचा आवाज चढलेला असतो, जाताना उतरतो, म्हणून आपणही तिच्याबरोबर उतरायचं, असं ती कानाशी म्हणाली.

"आत्ता कुठे आहे ती?"

"टाकीच्या वर. आता छपरापर्यंत पोचेल. तेवढ्यात तिने एक अख्खा देश मागे टाकलेला असेल."

मी वर बघितलं. निळं स्वच्छ आभाळ, एक कावळा, बाकी काही नाही. आणि कानात ती बोलतेय! हाताच्या बोटाएवढा दिवा जळेल न जळेल एवढ्या ताकदीवर ती बोलत होती, आणि माझ्या पडद्यांच्या टेपने ते पकडलं होतं.  खोटं कशाला बोलू, माझे पाय त्या गच्चीवर खिळून राहिले. ओल्या चादरीचं पाणी चपलांवर ठिबकत होतं, तेही मला नंतर कळलं.

"आणि एक गंमत सांगू?" वहिनी म्हणाली. "तिच्या अंगालाही टेपच आहे. मेजरिंग टेप. घडी घालून दोऱ्याने बांधून पाठवली होती. वर गेल्यावर दोरा जळला आणि टेप उघडली."

म्हणजे तिकडे टेप, इकडे टेप, आणि मध्ये एवढं मोठं आभाळ. त्या दिवशी मी वहिनीला टेपबद्दल जवळजवळ माफ केलं.

डबीच्या मागावर तिघंजण होते. पश्चिमेला, दोन शहरं सोडून, एक घड्याळं दुरुस्त करणारे काका. समुद्रापलीकडे पूर्वेला एक बेकरीवाला, त्याला सगळे बेकरीभाऊ म्हणायचे. आणि मध्ये आमची वहिनी. डबी किती वाजता कुणाच्या आभाळात उगवणार, याचं गणित घड्याळकाका मांडायचे आणि सकाळी सकाळी सगळ्यांना वेळा पाठवायचे. डबी आधी काकांना ऐकू यायची. त्यांच्या हद्दीतून गेली की ते फोनवर सांगायचे, "निघाली." मग वहिनीच्या कानात शीळ आली की ही म्हणायची, "पोचली." इथून मावळली की हिचं "निघाली", आणि तिकडून बेकरीभाऊंचं "पोचली." तान्ह्या पोराला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर द्यावं तशी ही तिघं डबी एकमेकांकडे द्यायची. बेकरीभाऊंच्या पुढे नुसता समुद्र. तिथे डबीला घ्यायला कोणी नसायचं. ती आपली जगाला वळसा घालून तासा-दीड तासाने परत काकांकडे उगवायची.

हे निघाली-पोचली वहिनीने सुरू केलं. ते कुठून आलं, हे मला माहीत होतं.

माझा दादा मालवाहू बोटीवर आचारी होता. बंदर सोडताना घरी फोन करायचा, "निघालो गं." पुढच्या बंदरात पाय ठेवला की फोन, "पोचलो." मध्ये कितीही दिवस जावोत, हे दोन शब्द आले की आईच्या जिवात जीव यायचा. एकदा "निघालो" आलं. "पोचलो" आलं नाही. वादळ होतं. बोटही सापडली नाही आणि माणसंही सापडली नाहीत. बोटीच्या रेडिओने शेवटी काही सांगितलं की नाही, तेही कळलं नाही, कारण ऐकू येईल इतक्या जवळ कोणीच नव्हतं. समुद्र मोठा आहे, कुणाला दोष द्यायचा?

दादा गेला आणि आईच्या डोक्यातलं घड्याळ तिथेच थांबलं. बाकी सगळं तिला समजतं. दुधात पाणी किती आहे ते समजतं, मी दुकान उशिरा उघडलं तर तेही समजतं. पण रोज संध्याकाळी ताट समोर आलं की ती विचारते, "फोन आला का?" आणि आम्ही म्हणतो, "अजून नाही. जेवून घे." ती चार घास खाते आणि ताट सारते. वर्षानुवर्षं हेच चाललंय. सुरुवातीला मला रडू यायचं, मग चीड यायची, आणि आता मी गुपचूप ताट उचलून घासायला टाकते.

वहिनी त्या वर्षभर कोणाशी धड बोलली नाही. दात लावायची आणि झोपायची. मग एक दिवस घरी आली ती जुना रेडिओ सेट काखोटीला मारून. मला वाटलं, झालं, हिच्याही डोक्यावर परिणाम झाला. मी तिला वाट्टेल ते बोलले. आता कशाला रेडिओ, आता काय उपयोग, असंही बोलले. ती शांतपणे सेटवरची धूळ पुसत राहिली.

"कोणीतरी बोलत असतं आणि ऐकायला कोणी नसतं," ती म्हणाली, "ते मला सहन होत नाही गं. म्हणून."

मी उठले. खाली जाऊन इस्त्री तापवली.

तर अशी ही डबी उतरायला लागली. म्हणजे वर अगदी विरळ हवा असते, ती लागून लागून असे उपग्रह दरवर्षी थोडे थोडे खाली येतात, आणि एकदा दाट हवेत शिरले की जळून जातात. कुणाच्या डोक्यावर पडणार नाही, राखच होईल, असं वहिनीने मला समजावून सांगितलं, कारण मी आधी तेच विचारलं होतं. शेवटच्या आठवड्यात ती दातांचं काम निम्मं करायची आणि निम्मा वेळ गच्चीवर असायची. मुख्याध्यापक बाईंची कवळी मेणातच अडकून पडली, वरचे दात आहेत आणि खालचे नाहीत.

"बाई शाळेत बोलतील कशा?" मी म्हटलं.

"दोन दिवस मुलांना सुट्टी मिळाल्यासारखं होईल." मग एकदम गंभीर झाली. "हिला एकटीला जाऊ द्यायचं नाही मला. शेवटचा शब्द कुणाच्या तरी कानात पडला पाहिजे. माझ्या, नाहीतर काकांच्या, नाहीतर बेकरीभाऊंच्या. पण पडला पाहिजे."

तिने हे नुसतं म्हटलं असतं तर मी काहीतरी टोमणा मारला असता. पण ती माझा हात धरून म्हणाली.

शेवटचा दिवस उजाडला. आज नाहीतर उद्या जाणार, असं काकांनी सकाळीच कळवलं होतं आणि वेळाही पाठवल्या होत्या. दुपारच्या फेऱ्याला वहिनी काकांच्या वेळेवर गच्चीवर उभी राहिली. मी दुकानाला कुलूप लावून गेले, म्हटलं बघावं तरी. अँटेना टाकीपासून छपरापर्यंत फिरली. नुसती खरखर. पुन्हा फिरली. खरखर. तेवढ्यात काकांचा फोन, त्यांनाही काही मिळालं नव्हतं. थोड्या वेळाने बेकरीभाऊंचा फोन, तेच. मग काकांनी घोगऱ्या आवाजात सांगितलं, "गेली आपली डबी. फार साथ दिली तिने. मंडळी, तुमचे आभार."

वहिनीने अँटेना कठड्याला टेकवून ठेवली आणि खाली येऊन आपल्या स्टुलावर बसली. स्पिरिटचा दिवा पेटवला नाही. हातात मेणाचा तुकडा घेतला आणि नुसती बोटांनी मळत बसली. सगळीकडून ते जबडे हसतायत आणि मध्ये ही.  मला समजूत घालता येत नाही, माझी जीभच तशी आहे.

"अगं, पत्र्याची डबीच होती ना शेवटी," मी म्हटलं आणि लगेच जीभ चावली.

"कोणीच नव्हतं गं तिथे," वहिनी म्हणाली. "पुन्हा कोणीच नव्हतं."

तो "पुन्हा" कुठला, ते मला कळलं. आणि मला वाईट वाटलं की मी भांडते, हा माझा जन्माचा दोष. मी एकदम उसळले.

"नव्हतं कसं? काल मी होते ना! काल मी कपडे वाळत घालत होते आणि तुझा सेट चालूच होता, तेव्हा ओरडत होतीच की ती. मी जिन्यातून हाक मारली, वहिनी तुझी डबी आली गं, तर माझ्यावरच खेकसलीस. म्हणे अजून वेळ व्हायची आहे, दुसरंच काहीतरी असेल, तू कपडे घाल!"

वहिनीचे हात थांबले. "काय म्हणालीस?"

"कपडे घाल म्हणालीस!"

"ते नाही. वेळेआधी? किती आधी?"

"मला काय माहीत किती. तू धापा टाकत वर येईपर्यंत अर्धीअधिक निघून गेली होती. तूच तर म्हणालीस, आज लवकर मावळली."

ती ताडकन उठली. स्टूल पडलं. "अगं माझे आई! अगं वन्सं!" मी तिच्याहून लहान, पण फार लाड आले की ती मला वन्सं म्हणते. "गेली नाही गं ती! आपल्याआधी येऊन गेली!"

मला काही कळेना, तशी तिने टेबलावरचा एक जबडा मध्ये ठेवला आणि त्याभोवती बोट फिरवलं. "बागेला बाहेरून चक्कर मारली तर वेळ लागतो की आतून मारली तर?"

"बाहेरून."

"ती आता खाली आलीय, आतून चक्कर मारतेय. तिचं वर्तुळ लहान झालंय, शिवाय पळतेयही जोरात. दर फेऱ्याला आधीच्यापेक्षा लवकर येणार. एरवी ती कुठे आहे याचे आठवडाभर जुने आकडे घेतले तरी फरक पडत नाही, म्हणून काका आदल्या रात्रीच्या आकड्यांवर गणित करतात आणि आम्ही डोळे झाकून त्या वेळेला उभे राहतो. मला माहीत होतं गं हे! वाचलेलं होतं! पण काकांची वेळ म्हणजे वेळ, इतकी सवय झालेली."

तिने काकांना फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला.

"काका, तुमचे आकडे शिळे आहेत."

"शिळे?" काकांचा आवाज चढला. "ताई, चाळीस वर्षं मी घड्याळं लावतोय. आकडे कालचे आहेत!"

"तिला आता कालचे पुरत नाहीत, काका."

 पलीकडे दुकानातल्या घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग काका हळूच म्हणाले, "अरे देवा. आपण स्टेशनवर उभे, आणि गाडी आधीच निघून गेलेली." आणि मग, "थांबा, थांबा. नवे आकडे काढतो. पुढचा फेरा आहे ना अजून."

पुढचा फेरा म्हणजे ऊन कलल्यावर. काकांनी सगळ्यांना नवी वेळ पाठवली, पण वहिनीने त्यावरही विश्वास ठेवला नाही. चहासुद्धा न घेता आम्ही वर जाऊन बसलो. मी माझ्या चादरी दोरीवरून काढून टाकल्या, मध्ये यायला नकोत. आई खाली तिच्या खाटेवर होती. वहिनीने सेट चालू केला, हेडफोन लावला आणि अँटेना माझ्या हातात दिली.

"मी?"

"आज मला एकही टिंब सोडायचं नाही. तू धर. मी सांगेन तशी फिरव."

"वहिनी, मला यातलं ओ का ठो कळत नाही."

"टेप तुझीच आहे ना? मग धर."

मी धरली. टाकीकडे रोखली. खरखर. कुठेतरी रिक्षा वाजली, शाळेच्या मैदानावर पोरं ओरडत होती. खरखर. माझा खांदा दुखायला लागला, पण मी हूं की चूं केलं नाही. इतका वेळ मी आयुष्यात गप्प बसलेली नाही. आणि काकांची नवी वेळ व्हायला अजून अवकाश असतानाच फोनमधून काकांची किंकाळी आली.

"आहे! आहे! ताई, आहे ती! केवढी चढलेली येतेय! निघाली, निघाली, घ्या!"

वहिनीने हेडफोन उपटून काढला आणि सेटचा स्पीकर लावला. आणि तीच शीळ. पिप, पीऽप, पिप. एवढी स्पष्ट मी तिला कधी ऐकली नव्हती. एवढी जवळ ती कधी आलेलीच नव्हती.

"पोचली!" वहिनी ओरडली. "पोचली काका!"

मी अँटेना फिरवत होते आणि वहिनी डोळे मिटून टिंबं-रेघा वाचत होती, आपण पाटी वाचावी तशी. "नाव सांगतेय... बॅटरी भरलेली आहे गं तिची. पूर्ण भरलेली!... अंग तापलंय." एरवी डबीचं अंग आपल्या खोलीइतकं गरम असायचं. "साठ म्हणतेय. साठ! शाळेकडे फिरव, लवकर, पळतेय बघ!"

खरंच पळत होती. नेहमी सावकाश जाणारी ती, आज माझे हात तिच्यामागे धावत होते. मला वाटलं, ही वरून जळायला निघालीय, हिला कोणी सांगितलेलं नाही, आणि हिचं आपलं चालूच आहे. माझं नाव अमुक, बॅटरी इतकी, अंग इतकं गरम. ना हाक, ना रडगाणं. इतकं भारी वाटलं, इतकं मोठं काहीतरी वाटलं, की मला ते सांगताच येणार नाही. उभ्या जन्मात मी देवळात कधी अशी उभी राहिलेली नाही.

आणि मग वहिनी म्हणाली, "बेकरीभाऊ! ते काकांच्या वेळेला उभे राहतील!"

काकांना लाइनवर ठेवूनच तिने त्यांनाही फोन लावला. वाजतोय, वाजतोय. शीळ छपराकडे उतरत चाललेली. शेवटी उचलला.

"ताई, अजून वेळ आहे ना? भट्टीतून पाव काढतोय."

"पाव जाऊ द्या! वर पळा! वेळेआधीच येतेय ती! निघाली, भाऊ, इथून निघाली!"

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. ट्रे असणार. मग जिन्यावर पावलं, धाप, दाराची कडी. आमच्या स्पीकरमधली शीळ बारीक होत होत खरखरीत बुडाली. मी अँटेना तशीच छपरावर रोखून धरलेली. फोनमध्ये नुसती धाप. वहिनीने माझा दंड इतका घट्ट धरला होता की त्याचा वळ दुसऱ्या दिवशी दिसत होता.

"पोचली," बेकरीभाऊ म्हणाले. "ताई, पोचली. ऐका."

त्यांनी फोन आपल्या सेटपाशी नेला. त्यांच्याकडे अंधार पडला होता, वारा ऐकू येत होता, आणि वाऱ्यात ती. वहिनी ओठातल्या ओठात वाचत होती. "नाव... बॅटरी... अंग नव्वद. नव्वद गं!... पुन्हा नाव..."

आणि नाव अर्ध्यात तुटलं.

हळूहळू बुडालं नाही. मावळताना बुडतं तसं नाही. बोलता बोलता कोणी दार ओढून घ्यावं तसं तुटलं.  मग बेकरीभाऊ असे ओरडले की मी दचकले.

"दिसतेय! ताई, दिसतेय! आभाळात रेघ... सोन्यासारखी रेघ... अहो, एवढीशी डबी आणि केवढा उजेड हा! समुद्राकडे चाललीय... अजून आहे... अजून आहे..." मग त्यांचा आवाज खाली आला. "नाही आता."

 वहिनी रडत होती आणि हसत होती. त्या फेऱ्याच्या पहिल्या शिळेपासून शेवटच्या अर्ध्या नावापर्यंत एकही क्षण डबी एकटी नव्हती. एकाने सोडली तर दुसऱ्याने घेतली होती.

मग बेकरीभाऊंना काय वाटलं कोण जाणे, रोजची सवय म्हणून असेल, ते हळूच म्हणाले, "निघाली."

त्यांच्यापुढे समुद्र. तिथे उत्तर द्यायला कधीच कोणी नव्हतं. काका गप्प. वहिनीने तोंडावर हात घेतलेला. तो शब्द तसाच फोनमध्ये लटकत राहिला आणि मला ते सोसवेना. असाच एक शब्द आमच्या घरात किती वर्षं लटकतोय! मी फोनवर वाकले.

"पोचली," मी म्हटलं.

"कोण बोललं?" बेकरीभाऊंनी विचारलं.

"मी. वहिनीची नणंद. लाँड्रीवाली."

"बरं केलंत ताई," ते म्हणाले. तिकडे काकांनी जोरात नाक शिंकरलं.

आम्ही खाली आलो तेव्हा आई खाटेवर उठून बसली होती. आमची आरडाओरड तिने ऐकली असणार. मी दिवा लावला, वहिनीने स्वयंपाकघरात जाऊन ताट वाढलं आणि आणून तिच्यासमोर ठेवलं. आईने आमच्या दोघींच्या रडक्या तोंडांकडे बघितलं आणि रोजचंच विचारलं, "फोन आला का?"

मी रोजचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. वहिनीने माझ्या हातावर हात ठेवला. ती आईसमोर खाली बसली.

"आला, आई," ती म्हणाली. "पोचले."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिने एक मोठा श्वास सोडला, ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "तुम्ही दोघीही बसा आता, कधीच्या उपाशी आहात."

त्या दिवशी आईने ताट सारलं नाही. शेवटपर्यंत जेवली, आणि वर आणखी मागून घेतलं.